टमाटरचं नवं इंजिन

१४ ऑगस्ट

ही वही बोल्टांसाठी आणली होती. कुठला बोल्ट कुठून काढला, कुठल्या वायरचा रंग कोणता, एवढंच लिहायचं ठरवलं होतं. अजून एकही बोल्ट काढलेला नाही आणि डोक्यात नुसती घरघर चालू आहे, म्हणून आधी हेच लिहून टाकते.

टमाटरला नवं इंजिन बसवायचं. ठरलं.

टमाटर म्हणजे बाबांची गाडी. लाल, दोन सीटची, फायबरच्या अंगाची, छत काढून ठेवता येणारी देशी स्पोर्ट्स कार. मी सहावीत असताना बाबांनी ती एका रिटायर्ड डॉक्टरांकडून घेतली. वीज मंडळातल्या माणसाला हे शोभत नाही, असं सगळ्या नातेवाइकांनी सांगून पाहिलं. इंदोरात बड़ा गणपतीजवळच्या आमच्या गल्लीतल्या पोरांनी तिचं नाव टमाटर ठेवलं, तर बाबांनी तेही हसत घेतलं. दर दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं तिच्यातून गौतमपुऱ्याला हिंगोट बघायला जातो. दोन गावांची माणसं दारू भरलेली फळं पेटवून एकमेकांवर फेकतात, ते आईला बघवत नाही. शिवाय सीट दोनच. बाबा चालवणार, मी डावीकडे, हे इतकं पक्कं की त्यावर कधी चर्चाही झाली नाही.

गेल्या वर्षी येताना देपालपूरच्या रस्त्यावर एका लोडिंग रिक्षानं आम्हाला ओव्हरटेक केलं. बाबांचा चेहरा पडला. घरी पोचल्या पोचल्या उतरले. गाडीवर कव्हर घातलं आणि त्यानंतर तिला हात लावलेला नाही. ती रिक्षा त्यांच्या मनाला लागली आहे. जुनं इंजिन आता म्हातारं झालंय, चढाला रडतं. मी पिथमपूरला गिअरबॉक्सच्या कारखान्यात काम करते, दिवसभर लोकांच्या गाड्यांची काळजी करते आणि घरात बाबांची गाडी बुरखा घालून बसलेली. या हिंगोटला बाबा तिच्यातून मला घेऊन जाणार. नव्या इंजिनावर.

१७ ऑगस्ट

सकाळी पोह्यांच्या वेळी सांगून टाकलं. बाबांनी चमचा खाली ठेवला.

"एवढं मोठं इंजिन तिच्या पोटात मावेल का?"

"मावेल. मी माप घेतलंय."

"आणि चालवणार कोण?"

"तुम्ही! अजून कोण?"

बाबांनी आईकडे पाहिलं. आईनं गॅसकडे पाहिलं. मग बाबा म्हणाले, "कर. मी आहे खाली टॉर्च धरायला."

मला वाटलं होतं, उडीच मारतील. टॉर्च धरायला! ज्या माणसानं मला पाना धरायला शिकवलं तो टॉर्च धरणार म्हणे. नंतर आई हळूच म्हणाली, "अनु, छोड ना. कशाला हे खटाटोप? तसं पण त्यांचं आता..."

"आता काय?"

"काही नाही गं. वय झालं ना."

बासष्ट हे काय वय आहे? मला राग आला. आई अशीच माणसांना म्हातारं करून टाकते. इंजिन बदलायच्या परवानगीचा अर्ज आरटीओच्या साइटवर टाकून दिला.

२४ ऑगस्ट

जुनं इंजिन बाहेर आलं! आमच्या खालच्या गाळ्यात पूर्वी भाडेकरूची पिठाची चक्की होती. तिचा गर्डर अजून छताला आहे, त्यालाच चेनपुली लावली. चक्की जाऊन इतकी वर्षं झाली तरी फरशीच्या फटींतून पीठ निघतं. माझी ग्रीसची बोटं पांढरी झाली.

बाबांनी टॉर्च धरला, पण धरला म्हणायचं इतकंच. उजेड सारखा बोल्टवरून सटकत होता. मी म्हटलं, "बाबा, नीट धरा ना! मी काय काजवे पकडतेय?" ते हसले. हात बदलला. मग तारेचा हुक करून त्यांनी टॉर्च गर्डरला टांगून दिला. "घे, हा हुक माझ्यापेक्षा बरा." नंतर दिवसभर खिशात हात घालून उभे, लग्नात मुलाकडचे उभे असतात तसे.

इंजिन वर उचललं गेलं तेव्हा मात्र त्यांनी पुढे होऊन त्याच्यावर तळवा ठेवला. म्हणाले, "खूप चाललास रे बाबा." मला एकदम भरून आलं. म्हणजे माया आहे अजून. मग हा अलिप्तपणा कशाला?

६ सप्टेंबर

नवं इंजिन येणार होतं आणि नेमकी आज अनंत चतुर्दशी. विसर्जन मिरवणुकीतल्या झाँक्यांसाठी रस्ते बंद. जयेश भियाचा टेम्पो राजमोहल्ल्याच्या अलीकडे अडकला. जयेश भिया म्हणजे गॅरेजवाला. मागून ट्रकनं ठोकलेल्या एका मोठ्या गाडीचं हे सोळाशे सीसीचं इंजिन त्यानंच मिळवून दिलं. मी टेम्पोपर्यंत चालत गेले आणि इंजिनाशेजारी बसून राहिले. घरी थांबवतच नव्हतं.

"क्या बात कर री हे भिया," तो म्हणाला. इंदोरात मुलगीही भियाच. "या टिंगू गाडीत हे? अरे, उडेल ती! साहेबांना सांग, हेलमेट घाला म्हणून."

साहेब म्हणजे बाबा. मी सांगितलं. बाबा हसले, पण उशिरा.

१४ सप्टेंबर

इंजिन ज्यांच्यावर बसतं ते माउंट कडक घ्यायचे की मऊ? मऊ घेतले तर इंजिन डुलणार, कडक घेतले तर अख्खी गाडी थरथरणार. मऊ मिळेपर्यंत महिना जाईल, म्हणून जयेश भियाचे कडक घेतले. बाबांना विचारलं, तर म्हणाले, "तुला पटेल ते कर." हे उत्तर मला अजिबात चालत नाही. पूर्वी आम्ही एका वॉशरवरून तासभर भांडायचो.

नट लावायला सांगितला तर त्यांच्या हातून दोनदा पडला. तिसऱ्यांदा मीच घेतला आणि लावून टाकला. ते "चहा घेऊन येतो" म्हणून वर गेले आणि चहा आईनं आणला. त्यांच्यासाठी हल्ली अर्धाच कप असतो. साखर कमी केलीय म्हणे. अर्ध्या कपानं साखर कशी कमी होते ते आईलाच ठाऊक.

२१ सप्टेंबर

वायरिंग. सुटलेल्या प्रत्येक वायरवर टेप लावून नाव लिहायचं काम बाबांकडे होतं. त्यांचं अक्षर म्हणजे पाटीवर रंगवावं असं. पण सुरुवातीच्या टेपा बघाव्यात आणि नंतरच्या बघाव्यात! नंतरच्या मुंगीएवढ्या. भिंग घेऊन वाचाव्या लागल्या. बिनामनाचं काम असंच होतं.

विचारू का सरळ, तुम्हाला ही गाडी नकोय का? विचारलं आणि "हो" म्हणाले तर?

१ ऑक्टोबर, खंडेनवमी

आज हत्यारांना सुट्टी आणि मला शिक्षा. पाने, पकडी, ड्रिल, चेनपुली, सगळं पूजेत. काही काही करता येत नाही. तीनदा गाळ्यात जाऊन नुसती उभी राहून आले.

आमचे पणजोबा होळकरांच्या फौजेत होते. त्यांची तलवार मधोमध, भोवती माझे पाने. यंदा इंजिनही त्याच चटईवर घेतलं. आमच्याकडे या चटईवर घरातल्या बायका पाय ठेवत नाहीत, शस्त्राला हात लावत नाहीत. आई उंबऱ्याबाहेर तबक घेऊन उभी राहते. मी या रीतीवरून दरवर्षी भांडते आणि दरवर्षी हरते. आणि आज बाबा आपण होऊन म्हणाले, "यंदा तू कर पूजा."

मी चाट पडले. मग माझं डोकंच फिरलं. मला खूश करायला? का या इंजिनाला हातसुद्धा लावायचा नाही म्हणून? म्हटलं, "नाही. गाडी तुमची, तुम्हीच करायची." खरं तर मला त्या इंजिनाला त्यांच्याच हाताचं कुंकू हवं होतं.

इंजिनाच्या हवा घ्यायच्या तोंडात मी कचरा जाऊ नये म्हणून चिंधी कोंबली होती. बाबांनी ती काढली. "तोंडात बोळा कोंबलेल्याची पूजा करायची का?" तेवढ्यात जयेश भियाचा फोन आला आणि मी ओट्यावर गेले. परत येते तर पूजा उरकलेली, अक्षता फरशीभर, चिंधी पुन्हा जागेवर आणि बाबा खिशात हात घालून उभे. अक्षता वाहिल्या होत्या की चिमण्यांना टाकल्या होत्या कुणास ठाऊक.

संध्याकाळी आवरताना गणपतीची सुपारी काही सापडेना. विड्याच्या पानावर होती ती. आई उंबऱ्यातूनच म्हणाली, "असू दे गं. गणपतीच तो. गेला असेल उंदरावर बसून."

५ ऑक्टोबर

बसलं! टमाटरच्या पोटात बरोबर बसलं. बॉनेट लागायला बोटभर जागा कमी पडत होती, आतलं फायबर घासून ती केली. अंगभर खाज सुटली आहे, पण मी खूश आहे. जेवताना बडबडत होते. बाबा ऐकत होते आणि त्यांच्या ताटातली आमटी गार होत होती. आईनं त्यांना वाटीऐवजी कप दिलाय हल्ली.

११ ऑक्टोबर

आज किल्ली फिरवली. पहिल्याच फटक्यात सुरू! मी किंचाळले. गाळा हादरला, खिडकीच्या काचा वाजायला लागल्या. कडक माउंटांचा प्रताप. पाचच मिनिटांत शेजारच्या सखुबाई गव्हाचा डबा घेऊन दारात हजर. "चक्की परत सुरू झाली का गं?" बाबा इतके हसले की त्यांना बसावं लागलं. कितीतरी दिवसांनी असे हसले.

पण आनंद तेवढाच. चारांपैकी तिसरा सिलिंडर काम करत नाहीये. गाडी लंगडतेय. बंद केली की आतून बारीकसा "टक" आवाज येतो.

१३ ऑक्टोबर

स्पार्क ठीक. पेट्रोल येतंय. कॉम्प्रेशन ठीक. मग तिसरा चालत का नाही? ऑफिसात मीटिंगमध्ये बसले होते आणि कानात तेच लंगडं इंजिन. घरी येऊन डबाही न ठेवता गाळ्यात.

वायरीच उलटसुलट लागल्या असणार असं वाटलं. त्या मुंगीच्या टेपा! आणि मग मी बोलले. "लेबलं कुणाला तरी वाचता येतील अशी लिहायची होती बाबा. तुमचं मन नसेल तर येऊ नका खाली. मी एकटी करीन."

ते म्हणाले, "बरं."

एवढंच. भांडले असते तर बरं झालं असतं. हिंगोट तोंडावर आलंय.

१४ ऑक्टोबर

आरटीओचा शिक्का मिळाला. बाबा खाली आले नाहीत. वरून त्यांच्या चपलांचा आवाज येतो, सरपटल्यासारखा. मी दोनदा जिन्यापर्यंत गेले आणि परत आले.

१५ ऑक्टोबर

शेवटी सिलिंडरांना हवा वाटून देणारा मॅनिफोल्ड खोलला. तिरपा केला आणि आतून टपकन माझ्या मांडीवर काय पडलं? सुपारी! अंगावर अजून कुंकू. इंजिन चालू झालं की ओढली जाऊन तिसऱ्याच्या दारात घट्ट बसायची, बंद झालं की खाली पडायची, टक. गणपती दारात बसून हवा अडवत होता आणि मी चार दिवस वायरी तपासत होते.

वर धावत गेले. बाबा त्या सुपारीकडे बघतच राहिले. त्यांचा रंग उतरला. मी विचारलं, "ही आत कशी गेली?" आई लगबगीनं मध्ये आली. "मीच ठेवली गं तिथे. चांगली बसकी जागा दिसली, म्हटलं घरंगळणार नाही."

कपाळावर हात मारला मी. जयेश भियाला फोन केला तर तो हसता हसता खोकायला लागला. "अरे भिया, परसाद अटक गया!" मीही हसले. बाबांना म्हटलं, "वायरी बरोबर होत्या तुमच्या. सॉरी." ते म्हणाले, "देवघरात ठेव ती." आणि आतल्या खोलीत गेले.

गाडी आता चार पायांवर उभी आहे आणि घोड्यासारखी थुईथुई करतेय. थरथर मात्र आहेच. मऊ माउंट मागवले, दिवाळीनंतर येतील.

१८ ऑक्टोबर

लिहिता येत नाहीये नीट. तरी लिहिते.

दिवाळीची साफसफाई चालली होती. मी शिडीवर. खाली आईला म्हटलं, "ती तलवार दे ना वर, म्यान पुसून टाकते." आई म्हणाली, "मी नाही बाई हात लावत. बाबांना हाक मार."

आणि मी शिडीवरच थिजले. आई तलवारीला हात लावत नाही. आई चटईवर पाऊल ठेवत नाही. मग नवमीला ती इंजिनाच्या तोंडात सुपारी ठेवायला गेली कधी?

"आई, सुपारी कुणी टाकली?"

ती फडकं पिळत राहिली. खूप वेळ. मग तिथेच पायरीवर बसली आणि पदर डोळ्यांना लावला. "टाकली नाही गं. अक्षता वाहताना हात हलला त्यांचा. इंजिनावर ठेवलेलं पान कलंडलं. त्यांना कळलंसुद्धा नाही कुठे गेली ती."

पार्किन्सन म्हणतात. गेल्या दिवाळीच्या आधीपासून. गोळ्या चालू आहेत, आई त्या तांदळाच्या डब्यात ठेवते. "मी रोज म्हणत होते, सांगा तिला, सांगा तिला. तर म्हणायचे, पोरगी इतक्या हौसेनं करतेय, होऊ दे तिचं काम."

अर्धा कप. आमटीचा कप. मुंगीएवढं अक्षर. काजवे पकडतेय का म्हणाले मी. येऊ नका खाली म्हणाले.

बाबा खाली गाळ्यात होते, गाडीजवळ स्टुलावर. हात खिशात. मी म्हटलं, "हात बाहेर काढा ना बाबा." त्यांनी काढला आणि बॉनेटवर ठेवला. गाडी बंद होती. हात हलत होता. दोन महिने मी तो हात पाहत होते आणि मला दिसला नव्हता.

"म्हणजे त्या रिक्षाचं तुम्हाला वाईट वाटलं नव्हतं?"

"कोणती रिक्षा?" त्यांना आठवेना. मग हसले. "अगं, तिला तर मीच साइड दिली. गिअरवरून हात सटकत होता माझा. घाबरलो होतो मी अनु. तू बाजूला बसली होतीस."

मी रडले. चांगली भोकाड पसरून रडले, सखुबाईंना ऐकू जाईल अशी. "मग हे सगळं मला करू का दिलं? तुम्ही चालवावी म्हणूनच तर करत होते मी!"

"ते माहीत होतं मला. म्हणूनच सांगवेना." त्यांनी तोच हात माझ्या डोक्यावर ठेवला. "आणि खरं सांगू? रोज खाली यायला कारण मिळालं होतं. टॉर्च नाही धरता आला, पण कान तर शाबूत आहेत. पहिल्यांदा सुरू केलंस ना, तेव्हाच मला कळलं होतं, हवा कमी पडतेय म्हणून."

"मग बोलला का नाहीत?"

"तू कुठे ऐकत होतीस?"

२१ ऑक्टोबर, हिंगोट

दुपारी कव्हर काढलं. किल्ली त्यांच्या हातात दिली. काय होईल ते माहीत नव्हतं, पण पहिल्या फेरीची किल्ली मला त्यांच्याच हातची हवी होती.

बाबा उजवीकडे बसले. किल्ली भोकात जायला वेळ लागला, मी दुसरीकडे पाहिलं नाही. इंजिन गरजलं. त्यांनी ॲक्सिलरेटर जरा दाबला, डोळे मिटून ऐकलं. आई ओट्यावर उभी होती, तिनं हात जोडले. मग बाबा गाडी चालू ठेवूनच उतरले, पुढून वळसा घालून आले आणि डावीकडचं दार उघडून बसले. आयुष्यात पहिल्यांदा.

"चल. इकडून ही गाडी कशी दिसते ते बघू तरी."

टमाटर पळाली! देपालपूरच्या रस्त्यावर लोडिंग रिक्षा दिसली की बाबा ओरडायचे, "घे तिला!" आणि मी घ्यायचे. तीन की चार रिक्षांवर आम्ही सूड उगवला, बिचाऱ्यांचा काही दोष नसताना. बाबांचे केस उडत होते. ते मोठमोठ्यानं मला शिव्या देत होते, गिअर उशिरा टाकते म्हणून, वळणावर घाई करते म्हणून. अगदी पूर्वीसारख्या.

गौतमपुऱ्याच्या अलीकडे गर्दी लागली आणि आम्ही अडकलो. इंजिन जागेवर धडधडत होतं. आरसा थरथरत होता, दार थरथरत होतं, पाण्याची बाटली थरथरत होती. बाबांचे दोन्ही हात मांड्यांवर होते, उघडे. मी चोरून पाहिलं आणि त्यांनी मला पाहताना पकडलं.

"सांग बरं," ते म्हणाले, "यातलं गाडीचं किती आणि माझं किती?"

मी खूप निरखून पाहिलं. मला सांगता आलं नाही.

२४ ऑक्टोबर

मऊ माउंट आले. पुडकं न फोडताच परत पाठवून दिले.